टाके सुकल्यावरचे उपचार

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचं शरीर लुळं पडलं, की दुसऱ्या महायुद्धाआधी डॉक्टरही हात टेकत. जीव जायचा तो बहुधा अंथरुणात. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दाब पडलेली जागा दुखते. या रुग्णाला ती कळ पोहोचतच नाही. माकडहाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा अडतो, ती काळी पडते आणि जखम हाडापर्यंत उतरते. त्यात तुंबलेल्या लघवीतले जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात.

फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जखमींचा स्वतंत्र विभाग सुरू केला. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले हे ज्यू डॉक्टर. त्यांचा दंडक साधा होता: रात्रंदिवस, दर दोन तासांनी कूस बदलायची. माणसं जगू लागली.

गुटमन यांचं खरं मोठेपण यापुढचं आहे. जगलेल्या माणसानं दिवसभर करायचं काय, हाही त्यांनी उपचाराचाच भाग मानला. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग सुरू झालं. जोडीला खेळ आले. धनुष्य ओढून खांदे आणि दंड बळकट होतात, आणि पलंगावरून खुर्चीत सरकायला तेच लागतात. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशी, त्यांनी १६ जखमींची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकची सुरुवात ती.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय गेले. व्यायाम म्हणून सुरू झालेल्या पोहण्यातून त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. पुढे जखमी जवानांसाठी पुण्यात, खडकीला स्वतंत्र पुनर्वसन केंद्र झालं.

परांचीवरून पडलेल्या गवंड्याच्या वाट्याला मात्र बहुतेकदा फक्त डिस्चार्ज कार्ड येतं. संडासाच्या दारातून खुर्ची जाईल का, कॅथेटर कोण बदलणार, रात्री दचकून उठणाऱ्या या माणसाशी कोण बोलणार, यातलं काहीच त्यावर लिहिलेलं नसतं. तशाच दुखापतीतून सावरलेला कुणी वॉर्डात येऊन तासभर बसला, तरी घरच्यांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. प्रत्येक मोठ्या रुग्णालयानं ही सोय करायलाच हवी. राहता राहिला रोजगार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. रोजंदारीवरच्या गवंड्याला हे कलम लागू होत नाही.