सहा इलेक्ट्रॉनांचा फेर

माणगावच्या बाजारपेठेत मुंबई-गोवा महामार्गावरची वाहने तुंबली की रांगेत रसायनांचे दोन-चार टँकर हमखास दिसतात. बरेचसे महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले असतात. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या त्या वसाहतीत प्रिवी स्पेशालिटी केमिकल्स ही कंपनी साबण, डिटर्जंट आणि अत्तरांसाठी सुगंधी रसायने बनवते. तिचा एक महत्त्वाचा कच्चा माल म्हणजे कागद गिरण्यांत पाइनच्या लाकडाचा लगदा करताना निघणारे टर्पेंटाइन. रंग पातळ करायला आपण आणतो त्याचेच हे कच्चे भावंड, पण गंधकाच्या वासाने नाक मुरडायला लावणारे.

या टर्पेंटाइनमधले बीटा-पायनीन पाचशे अंशांच्या आसपास तापवले की त्यातली चार कार्बनांची आखूड कडी तुटते आणि मिरसीन मिळते. मिरसीनची एका किटोनशी गाठ घालायची आणि मग आम्लाच्या मदतीने आणखी एक कडी मिटवायची, की देवदाराच्या लाकडासारखा मऊ, कोरडा सुगंध तयार होतो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आयएफएफ कंपनीने तो 'आयसो ई सुपर' नावाने आणला. प्रिवी त्याच जातीचा माल 'अँबर फ्लर' म्हणून विकते. २००६ साली आलेल्या 'मॉलिक्यूल ०१' या अत्तरात तर या एका सुगंधी द्रव्यावाचून जवळपास काहीच नाही.

मिरसीन आणि किटोनची ती गाठ म्हणजे डील्स-आल्डर अभिक्रिया. ऑटो डील्स आणि त्यांचा शिष्य कुर्ट आल्डर यांनी जर्मनीत १९२८ साली ती मांडली. एका रेणूत एकाआड एक असे दोन दुहेरी बंध, दुसऱ्यात एक दुहेरी बंध. दोघे भेटले की सहा कार्बनांची कडी तयार. नैसर्गिक पदार्थ बनवण्यासाठी ही क्रिया वापरण्याचा हक्क आम्ही स्वतःकडे राखून ठेवतो, असेही गुरुशिष्यांनी निबंधात नोंदवून ठेवले होते. तो कोण पाळणार? १९५० साली दोघांना नोबेल मात्र मिळाले.

सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या बहुतेक क्रिया टप्प्याटप्प्याने होतात. आधी एक बंध तुटतो, मध्येच एखादा भारित तुकडा तयार होतो, मग दुसरा बंध जुळतो. इथे तसा मधला टप्पा सापडेना. आमच्याकडे गौरी-गणपतीत बाल्या नाचाचा फेर रंगात आला की पहिले पाऊल कुणी टाकले ते सांगता येत नाही. तीन दुहेरी बंधांतले हे सहा इलेक्ट्रॉनही तसेच एकदम सरकतात. जुने बंध सुटतात आणि नवे जुळतात ते एकाच दमात. अशा क्रियांना पेरिसायक्लिक म्हणतात. कार्यपद्धतीच नसलेल्या क्रिया, अशी त्यांची थट्टाही झाली.

एकाच दमात घडण्याचा फायदा असा, की कार्बनला चिकटलेले गट मधे कुठे फिरू शकत नाहीत, त्यामुळे तयार रेणूची ठेवण आधीच ठरते. याची किंमत औषधांत कळते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि आयुर्वेदाची ही वनस्पती जगभरच्या डॉक्टरांपुढे आली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळे झाले. त्यात कार्बनच्या सहा जागा अशा, की प्रत्येक ठिकाणी गटांची मांडणी उजवी की डावी हे अचूक साधावे लागते. पैकी पाच एकाच कडीत.

हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ साली हा रेणू प्रयोगशाळेत बांधला आणि सुरुवातच डील्स-आल्डरने केली. क्विनोनशी झालेल्या त्या एका गाठीत तीन जागा हव्या तशा बसल्या. वुडवर्ड यांचे मोठेपण अवघड रेणू बनवण्यात मानले जाते. मला ते पहिली चाल निवडण्यात जास्त वाटते.

पुढे जीवनसत्त्व बी-१२ बांधताना त्यांना चकवा बसला. एक कडी उष्णतेने मिटवली तर गट एका बाजूला वळत, प्रकाशाने मिटवली तर बरोबर उलट. तरुण रोआल्ड हॉफमन यांना सोबत घेऊन वुडवर्ड यांनी १९६५ साली नियम मांडला: फेरात इलेक्ट्रॉन किती आणि ऊर्जा उष्णतेची की प्रकाशाची, यावर कुठली क्रिया सहज होईल हे ठरते. उष्णतेला जी वाट बंद, ती प्रकाशाला बहुधा खुली. १९८१चे नोबेल हॉफमन आणि जपानचे केनिची फुकुई यांना मिळाले; वुडवर्ड १९७९ सालीच गेले होते. या नियमाची मूळ कल्पना आपण वुडवर्डना सुचवली, असा दावा ई. जे. कोरी यांनी २००४ साली केला, तो वाद निराळा.

कारखान्यांत डील्स-आल्डरसारख्या क्रियांचे कौतुक असते, कारण कागदावर तरी एकही अणू वाया जात नाही. प्रत्यक्षात क्रियेला वेग यावा म्हणून अनेकदा ॲल्युमिनियम क्लोराइड घालतात, ते धुऊन काढले की आम्लाचे पाणी उरते, आणि ते कुठे जाते याकडे महाडच्या सावित्री नदीकाठच्या माणसाचे लक्ष असायलाच हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातलेले एन्डोसल्फानही डील्स-आल्डरनेच बनते.

उष्णता आणि प्रकाशाची ही वाटणी आपल्या कातडीतही चालते. लावणीला भातखाचरात वाकलेल्या बाईच्या पाठीवर मधूनच ऊन पडते, तेव्हा त्यातले २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलची एक कडी उघडतात. हे काम प्रकाशाचे. मग निव्वळ अंगाच्या उबेने एक हायड्रोजन पहिल्या जागेवरून सातव्यावर उडी घेतो आणि ड-३ जीवनसत्त्व तयार होते. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून घरात बंद काचेआड कोवळे ऊन खात बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही. औषधाच्या दुकानातल्या ड-३ साठीही हेच दोन टप्पे वापरतात: आधी अतिनील दिवा, मग ऊब. त्याचा कच्चा माल बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून येतो; कडक शाकाहारी मंडळींसाठी दगडफुलाच्या जातभाईंपासून काढलेले ड-३ही आता मिळते.