उकडलेल्या बटाट्याची बदनामी

इंग्रजांचं जेवण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उकडलेले बटाटे, उकडलेला कोबी, वर चिमूटभर मिरपूड. रीलवाल्यांचा तर हा हक्काचा विषय: मसाल्यासाठी अर्धं जग पालथं घातलं आणि ताटात मसालाच नाही!

टोमणे मारणारे आपण एकटे नाही. जुलै २००५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जॅक शिराक, ज्यांचं जेवण इतकं वाईट त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, अशा अर्थाचं बोलून गेले. वर फिनलंडला इंग्रजांच्याही खाली बसवलं. पाठोपाठ २०१२ च्या ऑलिम्पिकचं यजमानपद लंडनने पॅरिसवर ५४ विरुद्ध ५० मतांनी मात करून पटकावलं. घ्या!

पण ही बदनामी आली कुठून? इंग्लंडमध्ये कारखाने सगळ्यांच्या आधी आले. १८५१ च्या जनगणनेतच तिथली निम्म्याहून जास्त माणसं शहरांत राहत होती. शेत सुटलं, परसातली भाजी सुटली; गिरणीकामगाराच्या वाट्याला पाव, जॅम आणि गोड चहा आला. त्यात दुसरं महायुद्ध. जानेवारी १९४० मध्ये खाण्याचं रेशनिंग सुरू झालं, ते जुलै १९५४ मध्ये मांसावरचं नियंत्रण उठल्यावर संपलं. चौदा वर्षं! चहा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. (आपल्या होस्टेलवर हे दोन दिवस पुरणार नाही.) अंड्यांच्या जागी अंड्यांची पावडर. दूध एकाच प्रकारच्या सरकारी चेडर चीजकडे वळवलं, तेव्हा गावोगावचे वेगळे प्रकार मागे पडले. त्या काळात वाढलेल्या पोरांनी आजीच्या हातची चव पाहायची तरी कधी?

मुळात तो स्वयंपाक मसाल्याचा नाहीच. चांगलं मांस, लोणी, साय, आणि भट्टीची मंद आच, यावर त्याची भिस्त. यॉर्कशायर पुडिंग घ्या. नाव पुडिंग, पण गोड नाही. मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ, भाजत्या मांसातून गळणाऱ्या गरम चरबीत फुलवलेलं. पूर्वी ते मांसाच्या आधी वाढायचे, म्हणजे पोट भरावं आणि महागडं मांस कमी लागावं. पाहुणे वाढले की वरणात पाणी ओतणाऱ्या आपल्या आयांना हे गणित लगेच कळेल.

जॉर्ज ऑर्वेल (जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, म्हणजे थोडा आपलाच) याने डिसेंबर १९४५ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये या जेवणाची वकिली केली. त्याचा मुद्दा सरळ होता: चांगलं इंग्रजी जेवण हॉटेलात नाही, घरात मिळतं. म्हणून परक्याला ते कळतच नाही.

हे वाचलं आणि मला गोंदियाच आठवलं. आपल्या स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला काय मिळतं? समोसा, आलुबोंडा, डोसा, चायनीज. लाखोळीच्या डाळीचे वडे, पावसाळ्यातल्या वास्त्यांची भाजी, तलावातल्या मासोळीचा रस्सा यातलं काही कुठल्या हॉटेलच्या पाटीवर दिसतं का? विदर्भ म्हटलं की सावजीची तर्री, विषय संपला. मग पुण्यातला रूममेट ‘तुमच्याकडे काय, नुसता भात’ म्हणतो. त्याने आपलं खाल्लंय कुठे? आणि ‘नुसता’ कशाला? कोणता भात, नवा की जुना, हे आपल्या घरातलं पोरही वासावरून सांगतं.

साहेबाचं जेवण आपल्याकडे आलं, पण तेही रेल्वेच्या ताटातून. हावडा-मुंबई गाडीत कटलेट, ब्रेडचे दोन स्लाइस आणि लोण्याची वडी येते ना, तो साहेबी नाश्ताच. फक्त कटलेटमधलं मटण जाऊन बीट-गाजर आलं आणि मिरची वाढली. उलट आपली खिचडी तिकडे जाऊन ‘केजरी’ झाली. त्यात धुरावलेला मासा आणि उकडलेलं अंडं पडलं.

आता इंग्रजही सावरलेत. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांची मांस-बटाट्याची पेस्टी २०११ पासून भौगोलिक मानांकन मिरवते. आपल्या शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला ते २०२१ मध्ये मिळालं. लाखोळीच्या वड्यांना कोणी मानांकन देईल तेव्हा देईल. तोवर या सुट्टीत घरी गेलात की आजीसमोर मोबाईलचं रेकॉर्डिंग लावा आणि प्रमाण विचारा. ‘अंदाजानं टाकायचं’ म्हणेल. वाटी पुढे करा.