अण्णांच्या छातीतली दुसरी गाठ

अण्णांच्या उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला १८ मिलिमीटरची गाठ होती. सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. एसटी चालवताना ओढलेल्या विड्यांनी फुफ्फुसं इतकी थकली होती की ऑपरेशनला सर्जन राजी होईनात. 'किरणांचा शेक देऊ, पाच वेळा यायचं,' असं ठरलं. मला वाटलं, सोमवारीच सुरू करतील.

पण आधी पेट स्कॅन. सहा तास उपाशी, बोट टोचून साखर बघितली, मग किरणोत्सारी ग्लुकोजचं इंजेक्शन आणि तासभर गप्प पडून राहणं. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशीपणे ओढतात, म्हणून त्या फोटोत उजळतात. अण्णांची गाठ उजळली, आणि श्वासनळीला लागून असलेली एक लसिकाग्रंथीही. त्या रात्री मला घास गेला नाही.

तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ, ग्रंथी कोऱ्या आणि बाहेर कुठे पसारा नाही, तर पहिला टप्पा. तोच कॅन्सर त्या ग्रंथीत पोचला असेल, तर पाच शेकांचं गणितच मोडतं. मग बहुधा केमो आणि त्यासोबत सहा आठवड्यांचा शेक.

धाकटा भाऊ चिडला, "अजून तपासण्या? वेळ घालवतायत." डॉक्टरबाईंनी कागदावर फुफ्फुस काढून दाखवलं. ऑपरेशनात सर्जन गाठीबरोबर आसपासच्या ग्रंथीही काढतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. शेकात किरण नेमके गाठीवर पडतात. ग्रंथीत काही दडलं असेल तर ते तिथंच राहतं. म्हणून जे शोधायचं ते आधीच. आणि पेटवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही: कॅन्सरचे मोजके कण असले तर ग्रंथी उजळतही नाही, आणि आपल्याकडे टीबीने ती फुकट उजळते.

टीबी! अण्णांना तरुणपणी झाला होता. हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हालाही सुचलं नाही. तुमच्या घरी असा जुना आजार असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, कळकळीने सांगते.

मग ईबस. तोंडातून श्वासनळीत जाणारी दुर्बीण, तिच्या टोकाला सोनोग्राफी. पडद्यावर ग्रंथी बघत बघत सुई आत जाते. गुंगीचं औषध दिलं होतं, अण्णा संध्याकाळी चहा प्याले. रिपोर्ट आठवड्याने आला: ग्रंथीत जुन्या दाहाच्या खुणा, कॅन्सर नाही.

श्वासाबरोबर गाठ किती हलते ते सीटीवर मोजून पाच शेक झाले. पहिल्या दिवशी टेबलावर आडवं होताना अण्णांनी विचारलं, "ती दुसरी गाठ तशीच ठेवणार ना?"

"हो अण्णा. ती टीबीची."