वरच्या मजल्यावरची रात्र

वैशाखात दवाखान्यात एक तक्रार हमखास येते : ‘डॉक्टर, रात्री झोप नाही.’ विचारपूस केली की बहुधा कळते, घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. मागणी झोपेच्या गोळीची असते. दोष डोक्यावरच्या स्लॅबचा. दिवसभर तापलेले काँक्रीट सूर्यास्तानंतरही ती उष्णता खोलीत सोडत राहते. पंखा तीच हवा फिरवतो.

उतारवयात घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी व क्षार लवकर घटतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एक वृद्ध रुग्ण पहाटे न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन पडल्या. खुब्याचे हाड मोडले. घरच्यांनी पायपुसणे बदलले. वर छताकडे कोणी पाहिले नाही.

म्हणूनच गच्चीवरील बाग मी केवळ शोभेची मानत नाही. पानांची सावली स्लॅबला उन्हापासून वाचवते, मातीचा थर उष्णता अडवतो आणि पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी भोवतालची उष्णता शोषते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. हा गारवा मुख्यतः वरच्या मजल्यालाच लाभतो. सोसायटीच्या सभेत हा विषय रेंगाळतो, तो बहुधा त्यामुळेच!

उत्साहाच्या भरात मात्र माती चढवू नका. एका चौरस मीटरवर ओल्या मातीचा 10 सेंटिमीटरचा थर 150 किलोंहून अधिक भरतो. आधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला, मग गळतीचा बंदोबस्त, नंतर रोपे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी पालापाचोळा व ओला कचरा कुजवून बाग फुलवली. असा थर निव्वळ मातीहून हलका असतो.

कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओतून, घासून कोरड्या करा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. आजोबांना बागेची हौस असेल तर झारी अर्धीच भरावी आणि पाणी सकाळी घालावे. मधुमेह असल्यास गच्चीवर अनवाणी जाऊ नये.

बाग होईपर्यंत गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. आणि लघवीची गोळी उन्हाळ्यात तेवढीच घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. स्वतःहून ती बंद करू नका. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाणही त्यांनाच ठरवू द्या.