जून, पाऊस आणि स्वमग्न मूल
जूनच्या मध्याला आपल्याकडे पाऊस आणि शाळा बरोबरच येतात आणि स्वमग्न मुलाची घडी विस्कटते. याला हट्ट म्हणू नका. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच या मुलांची सगळं जसंच्या तसं राहावं ही ओढ नोंदवली. मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या डीएसएम-५ या २०१३ च्या पुस्तिकेने स्पर्श-आवाजांबद्दलची वेगळी संवेदनशीलताही निदानाच्या निकषांत घेतली. मानेला चिकटणारी रेनकोटची ओली कॉलर अशा एखाद्या मुलाला खरोखरच असह्य होते. म्हणून मे महिन्यातच, कोरडा असताना, रेनकोट घरात दोन-दोन मिनिटं घालून बघावा. शाळेला निघण्याचा क्रम आधीच कळावा म्हणून छत्री, दप्तर, रिक्षा अशी चित्रं ओळीने भिंतीवर लावावीत.

‘इतकं जपलं तर सवय कशी होणार?’ असं घरची मोठी माणसं विचारतात. सवय लागते ती याच छोट्या पायऱ्यांनी. अचानक लादलं तर भीतीच वाढते. पाऊस वेळ सांगून येत नाही, हे मात्र खरं. त्यासाठी चित्रांमध्ये ‘आज बदल’ असं कार्ड ठेवावं, आणि ते पहिल्यांदा आवडत्या खाऊच्या दिवशी काढावं.