उसने गुण, घरच्या संस्था

गुणी खेळाडू असले म्हणजे संघ तरतोच असे नाही. ६ जून २०२४ रोजी डॅलसनजीक, ट्वेंटी-२० विश्वचषकात प्रथमच उतरलेल्या अमेरिकेने २००९ च्या जगज्जेत्या पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये नमविले. ते निर्णायक षटक टाकले मुंबईत घडलेल्या सौरभ नेत्रवळकर या संगणक अभियंत्याने. अमेरिका ‘सुपर एट’मध्ये पोहोचली, पाकिस्तान साखळीतच गारद झाला. आयर्लंडविरुद्धचा सामना पावसात वाहून गेल्याने अमेरिकेला दैवाने हात दिला, हे खरे. पण सारेच दैव नव्हे. पाकिस्तानात गुणांची वाण नव्हती, घडी मात्र विसकटली होती. नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ एवढ्या अवधीत कर्णधारपद बाबर आझमकडून शाहीन आफ्रिदीकडे आणि पुन्हा बाबरकडेच आले.

तथापि विजेत्यांनीही फार हुरळून जाण्याचे कारण नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कारभारातील दोषांवरून अमेरिकेच्या क्रिकेट संघटनेचे सदस्यत्वच निलंबित केले. कौशल्य बाहेरून आणता येते. संस्था घरीच उभाराव्या लागतात. पिढ्यान्पिढ्या मुंबईला माणसे पुरविणाऱ्या आपणा मालवणकरांना हे कोणी निराळे सांगावयास नको. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींनी घरे सावरली. गावची सोसायटी, वाचनालय आणि मैदान राखणे हे मात्र गावात राहणाऱ्यांचेच काम आहे.