हिरा तोच, कोंदण नवं

सोनारकाकांनी अंगठी कानाशी धरली, नखाने हलकी टिचकी मारली आणि ती माझ्या हातात दिली. “तुम्हीच ऐका, ताई.” ऐकलं, तर अगदी बारीक टिकटिक येत होती. आईच्या साखरपुड्याची अंगठी ती, १९७१ सालची. हिऱ्याला वरून धरणाऱ्या सोन्याच्या चार नख्यांपैकी, म्हणजे प्राँगपैकी, एक झिजून केसाएवढा उरला होता आणि हिरा जागच्या जागी डुगडुगत होता. दिवाळीनंतर भाचीचा साखरपुडा आहे. तिला आजीचाच हिरा हवाय, पण घाट नवा. आणि तिची अट एकच: पन्नास वर्षांनी तिच्या नातीलाही ती अंगठी घालावीशी वाटली पाहिजे.

तिच्या मोबाइलमध्ये तीसचाळीस फोटो होते. हिऱ्याभोवती बारीक खड्यांची झालर, पट्टीभर जडवलेले खडे, पिळाची वेल. सुंदर सगळेच. पण काकांनी जे समजावलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं. न शिळं होणारं कोंदण म्हणजे नुसतं साधं दिसणारं नव्हे; जे पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येतं, ते टिकतं. हिरा झिजत नाही, त्याला धरणारं सोनं झिजतं. आईचा हा हिराही मुळात पणजीच्या कुडीतला. म्हणजे भाचीची अंगठी हे त्याचं तिसरं घर.

हिरा प्राँगवर उंच उचलून धरायची आजची रीत रुजवली न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने, १८८६ साली. सहा प्राँग आणि खाली मोकळी जागा. त्याआधी पुष्कळ खडे मागून बंद कोंदणात बसायचे. चकाकी वाढावी म्हणून मागे चकचकीत पातळ पत्रा घालत. हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या पैलूंवर आपटून वरच्या बाजूने परत डोळ्यात येतो, हेच त्याचं तेज. चारी बाजूंनी उजेड मिळाला तर हिरा जिवंत दिसतो. जवळजवळ १४० वर्षं झाली, तो घाट अजून जुना वाटत नाही. आणि एक प्राँग झिजला तर तेवढ्याच जागी सोनं चढवून तो पुन्हा उभा करता येतो.

दुसरा घाट त्याहून कितीतरी जुना आणि आपल्या ओळखीचा. खड्याच्या कडेभोवती सोन्याची अखंड पट्टी दाबून बसवायची, ज्याला दुकानांत आता बेझल म्हणतात. यात उजेड थोडा कमी मिळतो, पण कड झाकली जाते. हिरा हा सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ खरा, पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. ठरावीक दिशांनी तो चिरतो, कडेवर आपटला तर टवका उडतो. नाशपातीच्या आकाराचा किंवा टोकदार कोपऱ्यांचा हिरा असेल तर ती टोकं झाकलेलीच हवीत. हाताने सतत काम करणाऱ्या बाईला मी डोळे झाकून बेझल सुचवेन.

जुन्या हिऱ्याची एक अडचण कोणी आधी सांगत नाही. गोल हिऱ्याच्या पैलूंचं आजचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडलं. त्याआधीचे हिरे हाताच्या अंदाजाने घडलेले. खाली खोल, वर उंच, गोलाईही थोडी वाकडी. पणजीचा हिरा तसाच आहे. तयार साच्यात तो बसत नाही, बळजबरीने बसवला तर पुन्हा डुगडुगतो. त्याच्या मापाचं कोंदण हाताने घडवणारा कारागीर शोधा. घडणावळ जास्त पडली तरी तिथे हात आखडू नका.

सोनं कुठलं? २२ कॅरेट प्राँगसाठी मऊ पडतं, वाकतं. १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के सोनं, हे योग्य. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो उतरतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. शिवाय जुन्या हिऱ्यात किंचित पिवळी झाक असली तर पिवळ्या सोन्यात ती लपते, पांढऱ्या धातूत उठून दिसते.

मग प्रश्न स्वयंपाकघरातल्या तेलातुपाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत खडी आणि पाणी चरबी फासलेल्या टेबलांवरून सोडत. दगड वाहून जात, हिरे चिकटून राहत. हिऱ्याला तेलाची अशी ओढ आहे. म्हणून फोडणी आणि कणीक यांत वावरणारी अंगठी महिनाभरात मंद दिसू लागते. कोंदण खालून उघडं असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने मागची बाजू साफ करता येते. उंचीही बघा. उंच कोंदण पदरात, ओढणीत, बसच्या दांड्याला अडकतं आणि प्राँग उचकटतो.

काम टाकताना हिरा तुमच्यासमोर काढून घ्या. सुट्या हिऱ्याचं वजन पावतीवर दोन दशांशांपर्यंत लिहून घ्या. दहापट भिंगातून त्याच्या आतला एखादा डाग स्वतः पाहून ठेवा. परत आलेला हिरा तोच आहे हे त्यावरून ओळखता येतं. नव्या अंगठीवर हॉलमार्क, शुद्धतेचा ७५० हा आकडा आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा.

भाचीने शेवटी सहा प्राँग घेतले, बसके, १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात. पट्टी पूर्ण साधी. पट्टीभर खडे असते तर माप वाढवता आलं नसतं, आणि बोटाचं माप आयुष्यभर एक राहत नाही. १९७१ चं रिकामं कोंदण तिने मोडीत घातलं नाही, डबीत ठेवलंय.

तुमच्या बोटात खड्याची अंगठी असेल तर आत्ताच कानाशी धरून टिचकी मारा. टिकटिक ऐकू आली तर लगेच काढून ठेवा आणि सोनाराकडे न्या.